वेलांटीसाठी फोडलेले कुलूप

सोमवार
आत्याकडे राहायला आले. ‘आली आमची वाळवी, पुस्तकं सांभाळा रे,’ म्हणत तिने खिडकीजवळची खोली मला दिली. तिच्या मुलाने, म्हणजे दादाने, तिला ई-रीडर पाठवला आहे. अक्षरे हवी तेवढी मोठी होतात, म्हणून तिच्या अधू डोळ्यांना तोच आधार. पण त्यात मराठी धड उमटत नाही. वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात, जोडाक्षरे फुटतात. मी दुरुस्त करून देण्याचे वचन दिले.

मंगळवार
कंपनीने आतून कुलूप घातले आहे. बाहेरचा फॉन्ट यंत्र घेतच नाही. जुन्या आवृत्तीत मात्र एक फट राहिली आहे. आधी वाय-फाय बंद करायचे, नाहीतर कंपनी परस्पर फट बुजवते. मग केबलने एक फाईल आत सोडून यंत्र पुन्हा सुरू करायचे. ते तिला घरचीच समजते आणि कुलूप उघडते. दिवसभर हेच केले. पडदा पांढराच. पहिला नंबर काढणारीला एवढे जमेना का, असे दादाने फोनवर विचारले. संताप संताप झाला.

बुधवार
उघडले! फाईलच्या नावात एक अक्षर चुकले होते, माझ्याकडून! आत्याने पानभर मोठ्याने वाचले. मात्र बंद पडद्यावर, जिथे एरवी जाहिरात असे, तिथे एक ओळ आली: ‘आत्याचे पाउल घसरते.’ ती मी लिहिलेली नाही. पण ‘पाउल’ मला बघवेना. शब्दावर बोट ठेवताच कळफलक उघडला, ‘पाऊल’ केले.
संध्याकाळी आत्या न्हाणीघरात पडली. घोटा सुजला आहे.

गुरुवार
‘आत्याची द्रुष्टी जाते.’
बोट आधी गेले, अर्थ मागून पोहोचला. भरदुपारी आत्याने विचारले, आज एवढ्यात अंधार कसा गं पडला.

शुक्रवार
डॉक्टर पडण्याला बोल लावतात. फट बुजावी म्हणून वाय-फाय लावले – यंत्र म्हणते, सर्व अद्ययावत आहे. ओळ पुसली, परत आली. ‘दृष्टी’ मुद्दाम बिघडवली – आपोआप शुद्ध झाली. दादाला सांगितले. म्हणाला, आईकडे बघ, खेळण्याकडे नको.

शनिवार
नवी ओळ. दुसऱ्या शब्दात ‘श’च्या जागी ‘स’. अशुद्ध आहे तोवर काही होत नाही – हात लावणार नाही. आत्या पलीकडे गुणगुणते आहे. दादाला दाखवायला जशीच्या तशी उतरवून ठेवते –

आत्याचा श्वास थांबतो.

‘श’ – मी ‘श’ लिहि– पडद्यावरही ‘श’ –
गुणगुणणे – आत्या, ओ दे ना – आत्