हिरव्या लोकरीचे तारे

२५ डिसेंबर, संध्याकाळ

आज नाताळचं जेवण करंजाड्याला, धाकट्या जावेकडे. रूथने सगळ्यांना स्वतः विणलेला एकेक हिरवा तारा दिला, झाडावर टांगायला. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा उरल्यासुरल्या लोकरीवरच भागवलंस वाटतं?" सगळे हसले. मजा आली, खोटं कशाला लिहू?

रूथ शांतपणे म्हणाली, "ताई, ही आईंच्या स्वेटरची लोकर आहे. तुम्ही विणलेल्या."

सासूबाईंना जाऊन वर्ष नाही झालं आणि हिने माझा स्वेटर उसवला! "त्यांच्या अंगावरचा?" मी ओरडलेच.

"अंगावर कुठे? घडीसुद्धा मोडली नव्हती. मला देऊन म्हणाल्या, थोरलीने विणलाय, टोचतो. उसव आणि काहीतरी चांगलं कर."

तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

घरी येऊन माझा हिरवा तारा उसवून बघितला. रूथ खोटं बोलली असेल, नाही का? पण लोकर कुठे विरलेली नाही, विटलेली नाही. चार हिवाळे मी फोनवर विचारत होते, "आई, स्वेटर घालता ना?"

"घालते गं. छान ऊब आहे त्याला."