झिला पाइकच्या खुणा

३ मार्च १८३४, थॉर्ली यांचा मळा, व्हॅन डायमेन्स लँड

चार महिने बोटीत हिंदकळल्यावर न हलणारी खाट मिळाली! मटण आहे, चहा आहे, खोलीला खिडकीही आहे. बोटीवर शिकलेली अक्षरं आता या वहीत गिरवते. एका ठाणभर कापडाच्या चोरीपायी सरकारने इंग्लंडहून या कैद्यांच्या बेटापर्यंत एवढा प्रवास घडवला, म्हणजे मी, टॅबिथा क्रू, मोठीच बाई म्हणायची. धक्क्यावर कारकुनाने प्रत्येकीचं अंग न्याहाळून खुणा वहीत उतरवल्या. माझ्यापुढे लिहिलं, ‘खूण नाही.’ माझ्या पाच वर्षांच्या केझीला मात्र अनाथांच्या शाळेत ठेवून घेतलं. वर्षभर नीट वागलीस तर लेक मिळेल म्हणाले. गाईहून गरीब होऊन राहणार मी.

६ मार्च

बाईसाहेब मला झिला म्हणतात. झिला पाइक ही पळून गेलेली आधीची मोलकरीण. तिच्या वर्णनाचा सरकारी कागद स्वयंपाकघराच्या दाराला अजून चिकटलेला आहे: डाव्या भुवईत व्रण, मनगटावर गोंदलेला जहाजाचा नांगर, उजव्या करंगळीचं पेर तुटलेलं. मी माझं नाव सांगितलं, तर म्हणाल्या, दर खेपेला नवं नाव कोण पाठ करत बसणार? चांगला शेरा हवा, म्हणून ओ दिली. गुराखी ॲब्सलम, तोही कैदीच, फिसकन हसला. दिलीस ना ओ, म्हणाला, आता भोग!

१९ मार्च

भुवईत व्रण. कधी लागलं आठवत नाही, आणि दिसतो तर जुना. ॲब्सलमला विचारलं. झिला आली तेव्हा तिची करंगळीही धडच होती म्हणे. मला भीती वाटते.

२ एप्रिल

मनगटावर नांगर. वाळूने घासला, कातडी सोलली, खाली पुन्हा तोच. झिला म्हटल्यावर ओ द्यायची नाही असं ठरवलं होतं. बाईसाहेबांनी हाक मारली आणि जीभ आपली आपणच —

९ एप्रिल

करंगळी. रक्त नाही. दुखलंही नाही. कागद फाडून चुलीत घातला. काय उपयोग, अंगावर आहेच की —

११ एप्रिल

शिपाई आला. पळपुटी झिला म्हणून मला धरलं. मी ओरडून सांगितलं, मी टॅबिथा क्रू, तुमच्या वहीत बघा! त्याने जवळची नक्कल काढून बघितली. ‘खूण नाही.’ मग तू ती नव्हेसच की, म्हणाला. बाईसाहेब म्हणाल्या, मी तर हिला झिलाच म्हणते. पळपुटीला तीन वर्षं कैदखाना. आणि टॅबिथाच नसेल तर केझी कुणाला देणार? पाय धरले. पोरीला आणा, ती ओळखेल. हो म्हणाला.

१४ एप्रिल

पोरीला आणलं. धावत आली — दोन पावलांवर थांबली. आईचे कपडे घातलेली ही कोण, म्हणाली. जवळ घ्यायला गेले तर शिपायाच्या मागे — हाक मारली. आवाज माझा नव्हता.

शिपाई गाडी जोडतोय. पोर फाटकापाशी उभी आहे, पाठ करून. आणखी एकदा हाक मारून बघते. तिचं नाव घेऊन. तिचं नाव —