तुझ्या संघाच्या राखणीबद्दल

ओवाटोना, मिनेसोटा
नाताळच्या आधीचा सोमवार

प्रिय एल्डन यास,

मर्लिनचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत आणि तिकडे बेमिजीला तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. (धरून चालतो कसलं, मार्नीने करीनला पाठवलेल्या नाताळच्या कार्डावरून पक्कंच माहीत आहे. आपण दोघं बोलत नसलो तरी आपल्या बायका अजून माणसांसारख्या वागतात.) तुझं पित्ताशय काढल्याचं कळलं. आता तरी राग जरा कमी होईल असं करीनला वाटतं. मला वाटत नाही. माझा गुडघा आहे तसाच आहे. थंडीचं विचारत नाही, कारण बेमिजीची थंडी विचारून कमी होणार नाही. फोनवर माझं नाव दिसलं की तू घेत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी करीनचं नाव घातलं आहे, नाहीतर ते थेट शेकोटीत गेलं असतं.

आपल्या लीगचा इतिहास तुला सांगायची खरं तर गरज नाही. पण रागावलेला माणूस सोयीचा तेवढाच इतिहास लक्षात ठेवतो, म्हणून सांगतो. कॉलेजच्या वसतिगृहात आपण आठजण होतो आणि आठांपैकी एकालाही खरं फुटबॉल धड खेळता येत नव्हतं. म्हणून ही लीग काढली. (परवा सासूबाईंनी विचारलं, की इतकी वर्षं तुम्ही दर रविवारी नक्की करता तरी काय? मी म्हटलं, आम्ही खऱ्या खेळाडूंमधून आपापला संघ निवडतो, पण तो फक्त कागदावर. रविवारी ते खेळाडू आपापल्या गावी चेंडू बगलेत मारून धावतात, पडतात, हाडं मोडून घेतात, आणि त्याचे गुण आम्हाला मिळतात. त्या म्हणाल्या, म्हणजे जमीनदारीच की.) त्या काळी ड्वेन सोमवारचं वर्तमानपत्र घेऊन धुलाईच्या खोलीत बसायचा आणि यंत्रात कपडे फिरत असताना आठही जणांची बेरीज करायचा. म्हणून तो अध्यक्ष झाला आणि अजून आहे. त्याला काढायचं कसं याचा नियम करायलाच आपण विसरलो. जिंकणाऱ्याला मिळते ती मेसमधून पळवलेली सुपाची पळी. आपली लग्नं झाली, दोघांची मोडली, रॉस दाताचा डॉक्टर झाला, पण ऑगस्टअखेर सगळे तळ्याकाठी ड्वेनच्या केबिनवर निवडीला जमले नाहीत असं एकदाही झालं नाही. तू निघून जाईपर्यंत.

आता तो प्रसंग. निवडीच्या वेळी वाळूचं घड्याळ उलटं करायचं, वाळू संपेपर्यंत खेळाडूचं नाव सांगायचं, नाही सांगितलं तर डाव्या हाताला बसलेला माणूस तुमच्या वतीने सांगेल, हा नियम पहिल्या वर्षापासूनचा आहे. दुसऱ्या फेरीत तुझी पाळी आली तेव्हा तुझ्या तोंडात हॉटडिशचा, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या बटाट्या-खिम्याचा, गरमागरम घास होता. वाळू संपली. तुझ्या डाव्या हाताला मी होतो. मी तुझ्यासाठी किकर निवडला. (चेंडूला चार लाथा मारून उरलेला वेळ अंगावर कोट घेऊन बाकावर बसणारा गडी, ज्याला शहाणी माणसं शेवटच्या फेरीत घेतात, तोही उरला असेल म्हणून.) सगळे हसले. तू घास गिळलास आणि म्हणालास, "तीस वर्षांची मैत्री, मर्लिन, आणि दुसऱ्या फेरीत किकर?" मग गाडीत बसून निघून गेलास तो गेलासच. मार्नीने भाजून दिलेल्या सफरचंदाच्या पायचं भांडंसुद्धा तिथंच राहिलं. त्या किकरने त्या वर्षी चांगले गुण केले हे मी तुला सतरा वेळा कळवायचा प्रयत्न केला. त्याने तुझा राग वाढला असं आता कळतं.

तू गेल्यावर पंचाईत अशी झाली, की दर रविवारी एकाने एकाशी लढायचं आणि उरले सातजण. नवा माणूस घ्यावा असं रॉस म्हणाला, तर कोणी त्याच्याकडे बघेना. शेवटी ठराव झाला, की एल्डन परत येईपर्यंत किंवा मरेपर्यंत त्याचा संघ मर्लिनने सांभाळावा. ही मला शिक्षा होती. पहिल्या वर्षी मी ती शिक्षेसारखीच भोगली. मग हळूहळू काय झालं कोणास ठाऊक. ग्रीन बे म्हणजे आपल्या मिनेसोटाचा हाडवैरी; तिथला माणूस, कितीही गुणांचा असो, तू संघात घेत नाहीस, म्हणून मीही तुझ्या संघात घेतला नाही. रविवारी सकाळी डोकं ताजं असताना पहिल्या कॉफीबरोबर, त्या दिवशी कोणाला खेळवायचं आणि कोणाला बसवायचं ते ठरवून, तुझा संघ लावतो. माझा संघ मग चर्चच्या पार्किंगमध्ये, गाडी चालू ठेवून, कसाबसा. परिणाम व्हायचा तोच झाला. तू दोनदा जिंकलास आणि मी दोनदा तळाला गेलो. तुझी पळी आमच्या स्वयंपाकघरात तुझ्या नावाची चिठ्ठी लावून टांगलेली आहे. त्या पळीने राजमा-खिम्याची चिली ढवळताना करीन एकदा म्हणाली, "एल्डनची इतकी काळजी तू त्याच्यासमोर कधी घेतली नाहीस."

आणि या वर्षी अंतिम सामना आहे तुझा आणि माझा. म्हणजे माझा आणि माझाच. करीन म्हणते, घरात मिरवणूक तरी एकच काढावी लागेल. पण ड्वेनने हरकत घेतली. काल फोनवर त्याने अध्यक्षाच्या आवाजात निकाल दिला, "अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना एकच डोकं चालणार नाही. रविवारी दुपारी बाराच्या आत एल्डनने स्वतःचा संघ स्वतः कळवायचा, नाहीतर त्याची जागा गेली." नुसती या सामन्यातली नाही, लीगमधलीच गेली. तुझ्याऐवजी अंतिम सामन्यात तिसऱ्या नंबरवरचा रॉस येणार आणि पुढच्या वर्षी तुझ्या खुर्चीवर त्याचा मेहुणा. रॉस आत्तापर्यंत एकदाही जिंकलेला नाही. जिंकला तर ती पळी तो दवाखान्यात लावेल आणि तोंड उघडून पडलेल्या, काही बोलू न शकणाऱ्या माणसांना तिची कथा सांगेल. त्या निष्पाप लोकांसाठी तरी विचार कर.

बाकी ठीक. मार्नीला नमस्कार, मुलींना आशीर्वाद. पायचं भांडं सुखरूप आहे.

तुझा (तुला मान्य असो वा नसो) मित्र,
मर्लिन

ता. क. माफीबिफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. वाळू संपली होती.

ता. क. २. ड्वेनचा तो निकाल ड्वेनच्या डोक्यातून आलेला नाही, त्याला मीच पढवला. दोन्ही बाजू मीच लावल्या असत्या तर कोणाचं काही जात नव्हतं. पण नऊ वर्षं तुझ्यासारखा विचार करून करून कंटाळलो रे. प्रत्येक वेळी वाटतं, तू इथं काय म्हणाला असतास, आणि विचारायला तू नसतोस. खुर्ची घालवायची धमकी दिल्यावर तरी येशील असं वाटलं. दुसरं काही सुचलं नाही.

ता. क. ३. तुझ्या संघात चेंडू घेऊन धावणारे दोन गडी आहेत, एक बफेलोचा, एक डेट्रॉइटचा, आणि रविवारी जागा एकालाच आहे. सगळे तुला बफेलोचा खेळवायला सांगतील. ऐकू नकोस, डेट्रॉइटचा खेळव. मी हरेन, पण तोच खेळव. का, ते इथं लिहीत नाही. फोन कर, सांगतो.