पेट्यांपाशी येताना

प्रिय पद्मजा,

तुला फोन केला की तू 'बरंय आत्या, जपा स्वतःला' म्हणतेस आणि ठेवून देतेस. सासू-सुनेच्या बोलण्यात एवढी काटकसर मी तरी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले. ते मध्येच खाली ठेवलंस तरी तिथंच राहील, पुन्हा उचलता येईल. अक्षर लावून वाच. सातवीत शाळा सुटल्यापासून एवढं सलग मी काही लिहिलेलं नाही.

इकडं बियाण्याच्या कांद्याचे गोंडे उमलायला लागलेत. वरच्या रानापासून ओढ्यापर्यंत सगळं पांढरं झालंय. बचत गटाच्या मधपेट्या अजून त्याच लिंबाखाली आहेत. तू माहेरी गेलीस तेव्हा सगळ्या बाया म्हणत होत्या की पेट्या परत पाठवून द्या. मीच आडवी पडले. लोक म्हणाले, आशाबाईला पोराच्या दुःखानं वेड लागलं, ज्यांनी पोरगा नेला त्यांनाच सांभाळत बसलीय. म्हणोत बापडे. माझ्या बद्रीनं हौसेनं आणलेली वस्तू मी परत पाठवणार नव्हते. आता बघ, कांद्याचं बी चांगलं भरावं म्हणून आसपासच्या चार गावांचे लोक आमच्या पेट्या मागायला येतात, आणि तेव्हा तोंड वाकडं करणारी साळूबाई त्यांच्याशी भाव करते.

तर माझं म्हणणं असं, की संक्रांतीच्या आधी तू ये आणि माझ्यासोबत पेट्यांपाशी चल. लगेच नाही म्हणू नको. अगदी नव्या माणसाला नेतात तसं नेईन तुला. आदल्या दिवशी शिकेकाईनं न्हा, वासाचा साबण नको, डोक्याला तेल नको, गजरा तर नकोच. तुझा तो फिक्कट पिवळा पंजाबी ड्रेस असेल तर तो घाल आणि सलवारीची टोकं मोज्यांत खोच. सकाळी ऊन चांगलं अंगावर आलं की आपण निघू. त्या वेळी निम्म्या माश्या गोंड्यांवर कामाला गेलेल्या असतात, आणि घरी राहिलेल्यांच्या मागं एवढी कामं असतात की त्यांना भांडायला सवड नसते. आभाळ भरून आलं असेल तर चहा पिऊन घरीच बसायचं, कारण अशा दिवशी सगळ्या घरात कोंडलेल्या असतात आणि चिडतात. आणि अंगावर काळं काही नको, केसांची पिनसुद्धा. काळं, केसाळ काही समोर आलं की त्यांना वाटतं अस्वलच आलं मध लुटायला.

काळं नको, हे लिहिताना माझा हात थांबला. वाचताना तूही इथं थांबली असशील.

नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला चंद्रकळा नेसवायची, हलव्याचे दागिने घालायचे, ही रीत तुझ्या-माझ्या आधीपासूनची आहे. शहागंजात दुकानभर साड्या उलगडायला लावून तू ती बारीक चांदण्यांची काळी साडी निवडलीस, मला अजून आठवतं. पेट्या दिवाळीत आलेल्या. बायांच्या मनात आलं की पोळ्याला बैल पुजतो, दसऱ्याला विळा-कोयता पुजतो, मग या माश्यांनीच काय घोडं मारलंय, त्यांनाही वाण देऊ. बद्री प्रशिक्षण घेऊन आलेला, पण त्याला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्याला चकित करायचं होतं ना. सगळ्या काळ्या साड्या नेसून, गजरे माळून, उदबत्त्या घेऊन पेट्यांच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, आणि नवी सून म्हणून सगळ्यांच्या पुढं तू. साळूबाईनं पेटीशेजारच्या दगडावर नारळ फोडला आणि माश्या उठल्या. त्यात कुणा एकीची चूक नव्हती, पद्मजा. आपल्या गावातल्या कुठल्याही बाईनं तेच केलं असतं.

म्हणून आता नव्या माणसाला मी पहिलं हे सांगते की पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. तो त्यांचा येण्याजाण्याचा रस्ता आहे. मागून यायचं, बाजूला थांबायचं, पेटीला धक्का लावायचा नाही, त्यांच्यावर फुंकर मारायची नाही. एखादी अंगावर बसली तर बसू द्यायचं, हात झटकायचा नाही. डसलीच तर काटा चिमटीत धरायचा नाही, नखानं कडेला खरवडून काढायचा आणि सावकाश लांब व्हायचं, कारण काट्याच्या वासानं बाकीच्या येतात. अंगावर गांधी उठल्या, गळा आवळल्यासारखा वाटला, तर भीड न धरता तिथल्या तिथं बोलायचं. गाडी रस्त्यावर तोंड करून उभी असते आणि फुलंब्रीच्या डॉक्टरांना आधी फोन केलेला असतो. बरं वाटेल म्हणून वाट बघायची नाही. त्या दिवशी सगळ्यांनी वाट बघितली. कुणी लोखंड घासलं, कुणी चुना लावला. बद्री लिंबाला टेकून हसत होता, 'मला सवय हे, माय, लई डसल्यात आजवर.' आणि हसता हसता त्याचा श्वास अडकला. डॉक्टर नंतर म्हणाले, आधी डसून काही झालं नाही म्हणजे पुढंही होणार नाही, असं नसतं.

त्याचे दोन पांढरे अंगरखे गटाच्या खोलीत खुंटीला आहेत. पेटी उघडायची वेळ आली की चतुराबाईचा फकिरा त्यातला एक घालतो. अंगकाठी तीच, चालही तशीच. भर दुपारी पांढऱ्या गोंड्यांमधून तो पाठमोरा जायला लागला की माझ्या तोंडात बद्रीची हाक येते आणि मी पदर तोंडात कोंबते. हे समजण्यासारखं आहे, दुःखात माणसाला होतं असं. पण गेल्या महिन्यात मी एकटीच बांधावर बसले होते. शेवटच्या पेटीपाशी पांढरा अंगरखा दिसला. वाकलेला नाही, काम करणारा नाही, नुसता उभा, एक हात पुढं करून, कुणाला तरी जागच्या जागी थोपवून धरल्यासारखा. डोक्यावर जाळी नव्हती. मला वाटलं, फकिराला आज जाळीशिवाय जायचं सुचलं कसं. रागावून खोलीपाशी गेले तर फकिरा तिथं बाजेवर झोपलेला, आणि दोन्ही अंगरखे खुंटीला. मला भीती वाटली नाही. पोटच्या पोराची कसली भीती. पण तो दमलेला दिसत होता, पद्मजा. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण तुलाही तो दिसत असणार, तसाच, हात पुढं केलेला.

आता पत्र लिहायचं खरं कारण सांगते. गेल्या आठवड्यात तुझे वडील येऊन गेले. काकासाहेबांसारखा माणूस माझ्या ओसरीवर डोळे पुसत बसला. पाचोडचं स्थळ, माणूस मास्तर, स्वभावानं गरीब, त्याचीही पहिली बायको वारलेली, आणि तू पाहुण्यांसमोर यायलासुद्धा तयार झाली नाहीस. 'माझ्यापायी एक गेला, तेवढा बास,' असं म्हणालीस म्हणे. काकासाहेब म्हणाले, 'पोरगी जागची हलंना झाली, ताई. तुमचंच ऐकल, माझं नाय ऐकत.' ते गेल्यावर मला त्या पुढं केलेल्या हाताचा अर्थ लागला. त्या दिवशी बाकीच्या बाया पळाल्या, आणि बद्रीनं धावत येऊन स्वतःच्या डोक्यावरची जाळी काढून तुला घातली. 'पद्मा, हलू नको,' एवढंच म्हणाला. तू हलली नाहीस म्हणून वाचलीस. ती जाळी मी आजवर कुणाला घालू दिलेली नाही, तुझ्यासाठी धुऊन ठेवलीय. ये, ती घाल, माझा हात धरून त्या पेट्यांपाशी जरा वेळ उभी राहा, आणि मग तुझ्या हातानं काढून खुंटीला लाव. घरी आलो की कुंकू मी लावीन तुला, लोकांना काय बोलायचं ते माझ्याशी बोलू दे. पोरी, तुला मोकळं केल्याशिवाय तो तिथून जायचा नाही. त्यानं 'हलू नको' म्हटलं होतं ते माश्या जाईपर्यंत. माश्या केव्हाच गेल्या, बाळा. आता हल.

तुझीच,
आत्या