रिकाम्या खोलीतला दिवा

आई, रस्त्याकडची खोली अखेर भाड्याने गेली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाचणगावची ही बातमी आधी तुलाच सांगावीशी वाटली, कारण भाडेकरू मी नाही, तूच आणलास. दादाने पुण्याहून बजावलं होतं, उन्हाळ्यापर्यंत खोली गेली नाही तर घर विकून मोकळे होऊ. बंद घराला वाळवी लागते, आणि वर्ध्याची नोकरी सांभाळून मी तरी किती खेपा घालणार? त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. तुझ्या मास्तरकीच्या पगारातून एकेक भिंत करत उभं राहिलेलं घर ते. ते जाऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात घेऊन मी जाहिरातीच्या मागे लागले.

दलाल एका महिन्याचं भाडं मागत होता, त्याला लांबूनच हात जोडले. फुकटात जे जे होतं ते सगळं केलं. फोनवर जिथे जिथे जाहिरात टाकता येते तिथे टाकली, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली, पुलगावच्या झेरॉक्सच्या दुकानात कागद चिकटवला. हवेशीर खोली, वेगळा संडास, पाण्याचा त्रास नाही. फोन आले, नाही असं नाही. लोक पंख्याचं विचारायचे, पाण्याचं विचारायचे आणि मग आवाज जरा उतरवून म्हणायचे, "ताई, घर कोणाचं हाय? म्हंजे आडनाव काय तुमचं?" मी आडनाव सांगायची. "बरं, घरी विचारून सांगतो." पुढे सगळं गप्प. आपण बौद्ध आहोत हे कळायला आपलं आडनाव पुरतं, हे तुला मी काय सांगावं?

तुझ्या पहिल्या नोकरीच्या गावी तर खोली ठरलीही होती. सामान ओट्यावर उतरवलं, तेवढ्यात मालकिणीने आडनाव विचारलं आणि एकाएकी तिचा भाऊ तिथे राहायला येणार असं निघालं. तू संध्याकाळभर ट्रंकेवर बसून राहिलीस. गल्लीतल्या सगळ्या घरांत दिवे लागलेले आणि सगळी दारं लोटलेली. हे तू एकदाच सांगितलंस, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. तेव्हा मी लहान आहे, चुलीपाशी बसले आहे. आपली खोली रिकामी झाली आहे आणि तू दिवेलागणीला तिथला दिवा लावून दार सताड उघडं ठेवलं आहेस. मी विचारते, "आई, खोलीत कोणी नाई, त दिवा काऊन लावला?" तू म्हणतेस, "ज्याले खोली पाह्यजे, तो याच रस्त्यानं जाते. दार उघडं दिसलं म्हंजे तो विचारते. लोटलेलं दार वाजवाले जीव कचरते माणसाचा." तुझी जाहिरात एवढीच. बाईंच्या खोलीत दिवा दिसला की खोली खाली आहे, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक. येणाऱ्याला तू आधी चहा पाजायचीस, किल्ली हातात द्यायचीस आणि आडनाव मग पहिल्या पावतीवर लिहिण्यापुरतं विचारायचीस.

मला हे आठवलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मी शहाणी, खोलीला कुलूप घालून तिचे फोटो जगभर पाठवत होते. गेल्या शनिवारी नवा रंग दिला. वास जावा म्हणून दार उघडलं, फोटो नीट यावा म्हणून दिवा लावला आणि रस्त्यावर येऊन फोन वर धरला. मागे एक ऑटो थांबला. चालवणारे काका पार पिकलेले.

"बाईची खोली खाली झाली का व, ताई? दिवा दिसला म्हून थांबलो."

"खाली हाय काका. पन बाई त कधीच्याच गेल्या."

"मालूम हाय न. मयतीले आलतो मी." मग म्हणाले, "एक पोरगी रोज बसते माह्या ऑटोत. दवाखान्यात नर्स हाय. महिना झाला, खोली भेटून नाई राह्यली तिले."

"काऊन?"

"तुमाले काय सांगाव, ताई?" त्यांनी ऑटो चालू केला. "उद्या घेऊन येतो," म्हणाले आणि गेले.

मी तशीच रस्त्यात उभी. अगं आई! तुझ्या हातची जाहिरात, एका पैशाची नाही, आणि तू नसताना इतक्या वर्षांनी ती अजून वाचली जाते! माझ्या फोनला जे महिनोन्महिने जमलं नाही, ते एका उघड्या दाराने केलं. तुला मी नुसती प्रेमळ आई समजत होते. केवढी मोठी बाई माझ्यासमोर भाकरी थापत बसलेली होती!

मुलगी आली, खोली पाहून हसली. दादाला फोन केला, घर राहिलं. हे पत्र मी ट्रंकेत तुझ्या साड्यांखाली ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? एक मात्र सांगून टाकते. तुझ्यासारखा चहा पाजला, किल्ली दिली, आडनाव विचारलं नाही. उद्या करारनाम्यावर दिसेलच. पण किल्ली देताना तो प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता.