दोन खांबांची लिफ्ट आणि तिच्याखालची जमीन

मी, खाली सही करणारी, धंदा मोटारदुरुस्ती, सध्या गुडघ्यांमुळे अर्धी निवृत्त, पूर्ण शुद्धीत राहून आणि कोणाच्याही दडपणाला न जुमानता हे मृत्युपत्र लिहिते आहे. दडपण आणायचा प्रयत्न माझ्या दिरांनी केला, पण तो चहा संपेपर्यंतच टिकला. डॉक्टरीणबाईंनी मला तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. तपासणी चालू असतानाच मी त्यांना त्यांच्या गाडीचा क्लच वारंवार का जळतो ते सांगितले, त्यामुळे त्यांना फारसे प्रश्न विचारावे लागले नाहीत.

कलम पहिले. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या मुलाला मिळावी. तो दुसऱ्या शहरात नोकरी करतो. घर ठेवायचे की विकायचे हे त्याने ठरवावे. स्वयंपाकघराची खिडकी लावताना वरची कडी आधी लावावी, नाहीतर काच निखळते. हे मी त्याला लहानपणापासून सांगत आले आहे. मुलाबद्दल माझी तक्रार नाही. तो सरळ मनाचा आहे, फक्त तेलाचा वास आणि बायकोचे काळे हात या दोन गोष्टी त्याला सोसल्या नाहीत. हे मी त्याच्या तोंडावरही बोलले आहे, तेव्हा वाचून रागवू नये.

कलम दुसरे. माझे यजमान जन्मभर ज्या चाकांच्या फळीवर पाठ टेकून गाड्यांखाली गेले, ती फळीही मुलालाच. लहानपणी तो तिच्यावर पालथा पडून अंगणभर हिंडत असे आणि जेवायला हाका मारल्या तरी उठत नसे.

कलम तिसरे. माझ्याकडे बोल्ट मोजून आवळायचा एक टॉर्क पाना होता. तो भावोजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, "उद्या आणून देतो वहिनी," म्हणून नेला, त्याला आता कितीतरी वर्षे झाली. त्याची रिकामी पेटी माझ्याकडे आहे. ती त्यांना द्यावी, म्हणजे संच पूर्ण होईल. त्यांच्या जीपच्या टपावरच्या कॅरिअरचा विषय वेगळा असून तो पुढच्या कलमात आहे.

कलम चौथे. गॅरेज, गॅरेजमागची खोली, दोन्हींखालची जमीन, सर्व हत्यारे आणि दोन खांबांची लिफ्ट मी सूनबाईला देते.

कोर्टाच्या कागदाप्रमाणे ती आता माझी सून नाही. मुलाचा आणि तिचा संसार मोडला. तो निघून गेला, ती मागच्या खोलीत राहून माझ्याबरोबर काम करत राहिली. भावोजींचे म्हणणे असे की गॅरेज मोकळे करून गोदामासाठी भाड्याने द्यावे. तसे झाले तर तिचे छप्परही जाईल आणि कामही. त्यांनी मला सरळ विचारले, "वहिनी, आता ती आपली लागते कोण?" तेव्हा मी चहा पुढे केला. उत्तर शेवटच्या कलमात लिहिले आहे.

लिफ्टविषयी पुढे वाद होऊ नये म्हणून ती कशी आली ते सांगते. यजमान गेल्यावर आम्ही दोघी जॅकवरच काम करत होतो. एकदा सूनबाई गाडीखाली असताना जॅक कलला. आडवे टाकलेले टायर होते म्हणून गाडी त्यावर टेकली आणि सूनबाई हसत बाहेर आली. मला मात्र हसू आले नाही. दुसऱ्याच दिवशी लिफ्ट घ्यायचे ठरले.

भावोजींनी चार खांबांची सुचवली, कारण खाली रात्री त्यांची जीप लावता आली असती. त्यांचे प्रत्येक मत शेवटी त्यांच्या जीपपाशी येऊन थांबते. त्या लिफ्टवर गाडी चाकांवर उभी राहते. चाके काढायची तर वर पुन्हा जॅक लावा. आमचे अर्धे काम ब्रेकचे, म्हणून ती बाद झाली. सूनबाईने कात्रीसारखी उघडणारी बुटकी लिफ्ट पसंत केली, आणि मी चाटच पडले. ती गाडीला जेमतेम कमरेइतके उचलते आणि गिअरबॉक्सच्या खालीच ठाण मांडून बसते. सूनबाई तर इतकी उंच की गल्लीत तिला बांबू म्हणतात.

"अगं, कंबर मोडेल तुझी," मी म्हणाले.

"मोडू दे. पण ती चाकांवर आहे ना आई. नको झाली तर ढकलत बाहेर नेता येईल. जमीन फोडायला नको, मागे भोकं राहायला नकोत."

तेव्हा कोर्टाची शेवटची तारीख जवळ आली होती. ही मुलगी लिफ्ट निवडत नव्हती, निघायची तयारी करत होती.

मी दोन खांबांची मागवली. ती गाडीला दोन्ही बाजूंनी हातांवर धरते आणि खालचे सगळे मोकळे सोडते, हे कारण मी सगळ्यांना सांगितले आणि ते खरेही आहे. पण तिचे खांब बोल्टने जमिनीत रोवावे लागतात. आमची फरशी पातळ होती. ती फोडली, खणले, जाड काँक्रीट ओतले. ते मुरेपर्यंत सूनबाई रोज त्यावर पाणी मारत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. बोल्ट बसवायच्या दिवशी मात्र तिने माझ्या हातातला पाना काढून घेतला.

"द्या इकडे. तुमच्यानं नाही आवळले जायचे नीट," म्हणाली, आणि सगळे बोल्ट तिने स्वतः आवळले.

चूक एकच झाली. छपराची उंची आम्ही टेपने मोजली नाही. सूनबाईने जीपच्या बॉनेटवर उभे राहून हात वर केला, तो कशाला लागला नाही, झाले आमचे माप. ती उभी होती तिथे तुळई नव्हती. पहिली गाडी मानाने भावोजींचीच घेतली. "आणखी वर घ्या, मला खालून ताठ चालत जायचंय," असे ते म्हणत राहिले आणि जीपचे कॅरिअर तुळईला जाऊन भिडले. ते चेपले ते त्यांच्या हुकमावरून, हे येथे नमूद करते. आता तुळईवर लाल पट्टा ओढला आहे. तो पुसू नये.

वकीलसाहेब सांगतात की जमिनीत पक्के बसवलेले ते जमिनीबरोबर जाते. जमीन तिची, म्हणून लिफ्ट तिची. भावोजी म्हणाले, "गॅरेज तिला, हे आपल्यात तोंडी बोलणं झालंय, मुलगाही हो म्हणालाय, मग कागद कशाला?" त्यांच्यासाठी सांगते. लिफ्ट गाडीला तेलाच्या दाबावर उचलते, पण त्या दाबाच्या भरवशावर कोणी खाली शिरत नाही. दोन्ही खांबांत खटका पडल्याचा आवाज आला की गाडी किंचित खाली घेऊन सगळे वजन खटक्यांवर टेकवायचे. तेल आज दम धरते, उद्या सील गेले की बसते. तोंडी शब्दाचेही मी तसेच समजते. शिवाय दुसऱ्याने लावलेला खटका मी स्वतः जाऊन बघते. यजमानांनी गाडीखाली टेकू म्हणून ठेवलेली घोडीसुद्धा मी हलवून बघत असे, आणि त्यावरून आमच्या घरात भांडी आपटली आहेत.

सूनबाईने गॅरेज चालवावे, भाड्याने द्यावे किंवा विकून दुसरीकडे जावे. मी लिफ्ट जमिनीत बसवली आहे, तिला नव्हे. बोल्ट कसे सुटतात ते तिला ठाऊक आहे.

कलम पाचवे. मी जाईन त्या वेळी लिफ्टवर गाडी असली तर आधी ती नीट खाली घ्यावी आणि मगच माझ्याकडे यावे. घाई करू नये. मला कुठे जायचे नाही.

कलम सहावे आणि शेवटचे. वकीलसाहेबांच्या मसुद्यात सूनबाईच्या पुढे "नाते" म्हणून जागा कोरी होती. "माजी सून लिहू का?" असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, लिहा: जिने खटका लावला की मी न बघता गाडीखाली उभी राहते, अशी एकमेव व्यक्ती. ते म्हणाले, "बाई, असं नातं कायद्यात नाही." मी म्हणाले, मग हाताने लिहा. त्यांनी हाताने लिहिले आहे. ते अक्षर खाडाखोड समजू नये.

सूनबाईला यातले काहीही माहीत नाही.

सही: (फारशी स्पष्ट नाही, पण माझीच)

साक्षीदार एक: समोरचे चष्मेवाले. मजकूर मोठ्याने वाचून घेतला व सही समक्ष झाली.
साक्षीदार दोन: डॉक्टरीणबाई. क्लचवरून पाय काढायला शिकत आहेत.

तारीख: शिक्क्यावर आहे ती.
स्थळ: स्वयंपाकघरातील टेबल. येथून गॅरेजमधला खटका पडलेला ऐकू येतो. आत्ताच पडला, दोन्ही खांबांत.