न थिजलेली काच

१४ जानेवारी १९९८

ऑक्टोबरनंतर आज. माफी मागायला हवी. कागदाला कसली माफी! पण मागते. सबब एकच: ट्रेंथम ग्लास या काचकारखान्याच्या शताब्दीचं पुस्तक. दिवसभर दुसऱ्याच्या आजोबांबद्दल लिहिल्यावर स्वतःबद्दल लिहायचं त्राण उरत नाही.

पाच प्रकरणं झाली. ऑझ्गुड ट्रेंथम रिकाम्या खिशाने वेस्ट व्हर्जिनियात आला, जमिनीतून निघणारा स्वस्त गॅस पाहिला, बेल्जियमहून कारागीर आणवले, भट्टी पेटवली. आणि मग ते वाक्य, आजही प्रत्येक खोक्यावर छापलेलं — ‘आमची काच कधी थिजली नाही.’ पूर्वी दोन भट्ट्या होत्या. एकीची दुरुस्ती झाली की दुसरीतली वितळलेली काच तिच्यात ओतायची. आता एकच उरली आहे, आणि कारखाना ऑझ्गुडची नात, मिस ट्रेंथम, चालवते.

१९ जानेवारी

वेंडेल जेवायला आला होता. “म्हातारीला ताप आहे,” म्हणाला. म्हातारी म्हणजे भट्टी. माझा भाऊ माणसांपेक्षा तिच्याबद्दल जास्त बोलतो. विटा झिजल्यात, भिंत बाहेरून लाल दिसते. परवा खाली तळघरात काच पाझरली. पाण्याचा फवारा मारून जागीच गोठवली म्हणे.

“मग बंद करून दुरुस्त का नाही करत?”

“शताब्दीच्या वर्षात? काच थिजू द्यायची? अगं, मिस ट्रेंथम आधी आम्हालाच वितळवेल!”

स्वतःच हसला. बटाटे परत वाढून घेतले. भिंत फुटली तर काय, हे मी विचारलं नाही. तळघरात तोच असतो.

२३ जानेवारी

मिसेस लाम्बिओटकडे गेले. नवरा ट्रेंथमकडे भट्टीवाला होता. जाऊन वीस वर्षं झाली. नव्या वर्षाची बेल्जियन बिस्किटं, गालेट, अजून डब्यात होती. मी खाल्ल्याशिवाय बोलायलाच तयार नाही. मी ते वाक्य वाचून दाखवलं. तोंडावर हात ठेवून हसायला लागली!

“छत्तीसच्या हिवाळ्यात थिजली, पोरी. गॅसचा दाब गेला. पार दगड झाली.”

“तुम्हाला मिस्टर लाम्बिओटनी सांगितलं?”

“तो? मेला तरी बोलला नाही. मालकांनी शपथ घातली होती. पण हात कोण धुवायचं? गरम काच भाजते. थंड काच कापते. त्या आठवड्यात त्याचे हात नुसते कापलेले. शेजारणीच्या नवऱ्याचेही. आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो आणि पट्ट्या बांधायचो.”

निघताना मनगट धरलं. “छापू नकोस हं. त्याची शपथ आहे.” मी कबूल केलं.

२४ जानेवारी

झोप नाही. मिस ट्रेंथम त्या वाक्यापायी भट्टी बंद करत नाही. वाक्य खोटं आहे. हे तिला कळलं तर ती बंद करेल, दुरुस्त करेल. पण मी शब्द दिलाय! छापणार नाही असा. सांगणार नाही असा नव्हे — ही वकिली मलाच पटत नाही.

२९ जानेवारी

काहीच केलं नाही. भ्याड.

३ फेब्रुवारी

भिंत पुन्हा पाझरली. वेंडेलचा बूट जळाला. बूटच फक्त. दाखवायला घेऊन आला, जत्रेत जिंकल्यासारखा.

४ फेब्रुवारी

सांगितलं. सगळं, एका दमात, मिस ट्रेंथमच्या टेबलासमोर उभी राहून. तिने चष्मा काढला.

“धुराड्याखाली ओलं गवत जाळत होते, ते सांगितलं का तिने? गावाला धूर दिसत राहावा म्हणून. ती आजोबांची शक्कल.”

मी खुर्ची शोधली.

“मी बारा वर्षांची असताना त्यांनीच सांगितलं मला. कोरिन, ते वाक्य काय मी गावासाठी जपते? ते संचालकांसाठी आहे. परंपरा म्हटलं की ते गप्प बसतात. एकदा थिजू दिली की पुन्हा पेटवायला एक डॉलर सुटणार नाही. कुलूप लागेल. सगळ्यांना घरी पाठवायचं मग?”

“आणि भिंत?”

“टिकतेय,” म्हणाली. माझ्याकडे न बघता.

वाईट बाई असती तर किती सोपं झालं असतं!

७ फेब्रुवारी

वेंडेलला विचारलं, थिजू दिली तर कुलूपच लागेल, हे तुला ठाऊक होतं?

“सगळ्यांनाच ठाऊक आहे. भट्टी बंद तर गाव बंद. म्हणून आम्ही आपसात ठरवलंय — ज्यांची पोरं लहान, त्यांना तळघरात पाठवायचं नाही. मी सडाफटिंग, म्हणून माझ्या पाळ्या जास्त.” मग म्हणाला, “असं बघू नकोस. कॉफी दे.”

उद्या: कामगार-सुरक्षा खात्याला फोन. नाव विचारलं तर माझं सांगणे.